पाच शे

५ जानेवारी, सोमवार

आज सकाळी तळ्यावर फिरायला गेलो नाही. जळगावात मेहरूणला राहायला आल्यापासून आजारपण सोडलं तर हा नेम चुकवलेला आठवत नाही. आंघोळ केली, निरांजन लावलं, स्तोत्र म्हणता म्हणता मध्येच पुढची ओळ आठवेना. पुन्हा पहिल्यापासून म्हणायला हवं होतं. तसाच उठलो. स्टँडवर एरंडोलची नेहमीची बस समोर उभी होती, ती जाऊ दिली. पुढची धरली. घाई नव्हती, कारणही नव्हतं. काल पंकजचा फोन आला होता, एवढंच.

काय बोलला ते आठवेल तसं लिहितो. "सर, व्हेरिएबल आणि डेटा टाइपचं युनिट या बॅचला पूर्ण व्हिडिओवर घ्या. पुण्याहून आलेत, एकदम चकाचक. तुम्ही फक्त लावायचे. मध्ये थांबवून बोलायचं नाही, नाहीतर चालतात की नाही हे कळणार कसं? तेवीसला युनिट टेस्ट. बरी गेली तर एप्रिलपासून सगळ्या सेंटरवर हेच."

"आणि मी?"

"तुम्ही समन्वयक. पगार तोच. उलट घशाला आराम."

"वाईट गेली तर?"

"तर मग तुमचं जुनं चालू राहील की. पण जाणार नाही वाईट."

पंकज माझ्याच पहिल्या बॅचचा, आता या सगळ्या कॉम्प्युटर सेंटरांचा प्रमुख. व्हेरिएबल म्हणजे काय हे त्याला मी साखरेचा डबा पुढे ठेवून शिकवलं होतं. त्या वेळी त्यातली साखर खाल्लीही होती त्याने.

६ जानेवारी, मंगळवार

अंगारकी. बस पद्मालयाच्या लोकांनी गच्च. एरंडोलला उतरून मी सेंटरकडे, बाकीचे गणपतीकडे. उभ्यानेच हात जोडले.

व्हिडिओ पहिला. दाढीवाला तरुण मुलगा, चेहरा हसरा. हिंदी-इंग्रजीत बोलतो. "व्हेरिएबल इज अ नेम्ड मेमरी लोकेशन, फ्रेंड्स." त्याची चूक काही नाही, बरोबरच सांगतो. फक्त कोणाला सांगतोय हे त्याला दिसत नाही.

बॅचमध्ये आठ जण. सात जण विशीतले. आठवी रत्ना, तिशी ओलांडलेली, जवळच्या खेड्यावरून येते. घरची पिठाची गिरणी तीच चालवते. डोक्यावरचा पदर कितीही झटकला तरी केसांत पीठ राहतंच. ती वहीत "नेम्ड मेमरी लोकेशन" मराठी अक्षरांत लिहून घेत होती. लिहून झाल्यावर तिने त्याखाली रेघ मारली.

माझ्या हाताला काही काम नव्हतं. रिमोट धरून उभा.

८ जानेवारी, गुरुवार

व्हिडिओ तिसरा. मग सराव. दोन डब्यांचं वजन विचारायचं आणि बेरीज दाखवायची. रत्नाने बारा दिले, आठ दिले. पडद्यावर आलं १२८.

भय्या मागच्या बाकावरून डोकावला. (भय्या म्हणजे बॅचचा तोंडाळ. हुशार आहे, पण हुशारी जिभेकडून बाहेर पडते.) "वहिनी, तुम्हना गिरणीवर दळाले येवाव नही भो मी."

रत्नाही हसली, पण डोळे पडद्यावरच. मला म्हणाली, "सर, माझं काय चुकलं?"

तिचं काही चुकलं नव्हतं. माणसाने टाइप केलेलं मशीन आधी अक्षर म्हणून घेतं. बारा आणि आठ ही तिच्यासाठी वजनं होती, मशीनसाठी दोन चिठ्ठ्या. चिठ्ठीला चिठ्ठी चिकटवली. एका मिनिटाचं काम. तोंड उघडलं होतं मी.

"पुढच्या व्हिडिओत येईल," असं म्हणालो.

९ जानेवारी, शुक्रवार

पुढच्या व्हिडिओत आलं. फार भरभर आलं. कोणाच्या हाती लागलं नाही.

बसमध्ये एक विचार आला तो लिहूनच ठेवतो, म्हणजे लपणार नाही. मी काहीच केलं नाही तर टेस्ट वाईट जाईल. टेस्ट वाईट गेली तर मी मास्तर राहीन. आणि काहीच न करणं हे तर मला वरूनच सांगितलेलं आहे.

११ जानेवारी, रविवार

तळ्यावर गेलो. धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता.

माझी बायको मंगल ओट्यावर डबे पुसत होती. हे ते शिकवायचे डबे. इतकी वर्षं सेंटरच्या कपाटात असायचे. दिवाळीनंतर मोठा पडदा बसवायला पुण्याची माणसं आली तेव्हा पंकज म्हणाला, "सर, हे घरी न्या, स्वयंपाकाचा क्लास वाटतो." आणले. मंगलला बरंच झालं. एकात साखर गेली, एकात मोहरी, एकात गूळ.

गुळाच्या डब्यावर वडिलांचं, आबांचं नाव आहे. सुतक फिटल्यावरच्या गंधमुक्तीला वाटण्यासाठी घेतलेल्या डब्यांतला उरलेला. "कै. दामोदर आबा यांच्या स्मरणार्थ", ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. आमच्या धुळ्याकडच्या गावात असे डबे घरोघरी आहेत. कुठल्या तरी गेलेल्या माणसाच्या नावात कुठल्या तरी घरची डाळ. वर्गात हा डबा काढला की मी म्हणायचो, नाव कोरलेलं आहे, ते राहतं. आतलं रोज बदलतं. नाव म्हणजे आतली वस्तू नाही.

मुलांना हे पटकन कळायचं. मला बहुतेक आत्ता कळतंय.

१२ जानेवारी, सोमवार

वर्ग सुटल्यावर रत्ना थांबली. म्हणाली, "सर, आठवडा झाला, मला काहीच येत नाही. तुम्ही सांगत का नाही? पहिल्या दिवशी तुम्ही कॉम्प्युटर उघडून दाखवला, ते समजलं होतं."

मी म्हणालो, व्हिडिओचा नियम आहे.

"कोणाचा?"

सांगितलं.

टेस्ट बरी गेली तर पुढे मी फक्त समन्वयक, हेही सांगितलं. मग तिने तिचं सांगितलं. सासरे म्हणालेत, तेवीसच्या परीक्षेत पास झालीस तर पुढे जा, नाहीतर क्लास बंद, गिरणीवर माणूस ठेवणं परवडत नाही. सासरे वाईट नाहीत, असंही म्हणाली. दोनदा म्हणाली.

पायऱ्या उतरताना तिने वही छातीशी धरली होती. शाळेतल्या मुली धरतात तशी.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. मुलांनी तिळगूळ आणला. भय्याने पडद्यासमोर एक लाडू धरला, त्या दाढीवाल्या मुलाला. "तिळगूळ घ्या सर, हळूहळू बोला." सगळे हसले. मीही.

आज व्हिडिओत आलं, क्ष = क्ष + १.

भय्या उठून उभा राहिला. यापूर्वी कधी उठला नव्हता. "सर, हाई खोटं शे."

"भय्या, मराठीत."

"हे खोटं आहे सर. क्ष हा क्ष अधिक एक कसा असेल? माझं वय माझ्या वयापेक्षा एकाने जास्त आहे का?"

इतक्या वर्षांत या ओळीपाशी इतका सरळ प्रश्न ऐकला नव्हता. भय्याला शाळेत शिकवलंय की = हे चिन्ह म्हणजे "बरोबर". व्हिडिओतही "क्ष इज" असंच म्हणतात. इज म्हटलं तर हे खोटंच आहे. भय्या बरोबर.

मी म्हणालो, "बस."

आणि वर "मराठीत" हेही मीच म्हणालो. आम्हाला चौथीला गुरुजी होते, "शे" तोंडातून निघालं की कान धरायचे. "आहे म्हण." तो कान अजून लाल आहे की काय. सेंटरवर कोणी अहिराणीत बोललं की माझ्या तोंडून आपोआप येतं, मराठीत. पालकांनाही तेच हवं असतं. अहिराणीच बोलायची तर मग शेत काय वाईट, असं एक जण तोंडावर म्हणाला होता.

१६ जानेवारी, शुक्रवार

पंकज आला होता. मागे बसून एक व्हिडिओ पाहिला. मुलं गप्प होती. गप्प मुलं पाहून त्याला वाटलं, लक्ष देतायत.

जिन्यात म्हणाला, "सर, तुमचा चेहरा असा काय? मी तुम्हाला काढत नाहीये. पुण्याच्या मुलाला जे मिळतं ते एरंडोलच्या मुलाला मिळावं, एवढंच म्हणतोय. तुम्ही किती सेंटरला पुरणार? यावलला तर शिकवायला माणूसच मिळत नाही."

यातलं काय खोटं आहे? काहीच नाही. त्याने चहा पाजला. निघताना वाकून नमस्कार केला, नेहमी करतो तसा. मनापासून करतो.

रागवायला माणूस वाईट असावा लागतो.

१८ जानेवारी, रविवार

देवापुढे बसलो. मागायला काहीच सापडेना. मुलं पास होऊ देत म्हणावं, तर तो स्वतःच्याच पायावर धोंडा. नापास होऊ देत, हे देवापुढे म्हणता येत नाही. मनात मात्र आहे. त्याला दिसतंच असेल.

मंगलला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "पगार तोच शे ना?"

"हो."

"मंग?"

पाणी घालता घालता तीच म्हणाली, "तुम्हले बोलाले भेटाव नही, हाई दुख शे तुम्हनं." आणि पुन्हा कणीक.

२० जानेवारी, मंगळवार

सरावाची टेस्ट घेतली. आठांपैकी कोणाचंच धड नाही. भय्याने तर प्रत्येक उत्तरात "खोटं" लिहिलं. रत्नाने ज्याचा त्याचा अर्थ पाठ केलेला, पण ओळ लिहिता येत नाही. अवतरणचिन्ह विसरली, साखर नुसती लिहिली. मशीन म्हणालं, साखर नावाचं काही मला माहीत नाही. ती बराच वेळ त्या वाक्याकडे बघत होती.

म्हणजे माझं होतंय. मी काही न करता सगळं माझ्या बाजूने चाललंय.

जेवण गेलं नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत आधी सांगावं लागायचं, या डब्यात फक्त आकडा राहील, यात फक्त अक्षर. एकदा सांगितलं की शेवटपर्यंत तेच. आता शिकवतो त्या भाषेत तसं नाही. डबा काहीही घेतो. काल आकडा, आज नाव, उद्या काही नाही. कोणी कुरकुर करत नाही.

मी जुन्या भाषेतला डबा.

२१ जानेवारी, बुधवार

व्हिडिओ संपले. उद्या उजळणी, तीही व्हिडिओवर.

रत्ना आज आली नाही. भय्या म्हणाला, गिरणीचा पट्टा तुटला. मग हळूच म्हणाला, "पट्टाबिट्टा काही नही सर. ती म्हणे, काय फायदा."

हे पहाटे उठून लिहितोय. रात्री जागत बसलो नाही. झोपलो, आणि झोपही लागली. ठरलं म्हणूनच लागली असावी. भय्याकडून रत्नाला निरोप दिला होता, उद्या ये, फक्त उद्या.

२२ जानेवारी, गुरुवार

गणेश जयंती. आज घडलं ते सगळं लिहितो.

सकाळी साखर परातीत ओतली, मोहरी वाटीत, गूळ कागदात. डबे पिशवीत भरले. मंगल अंगण झाडून आत आली.

"मना बठ्ठा डबा कोठे लई चालनात?"

"एरंडोल."

ओतलेल्या साखरेकडे बघितलं तिने. "मुंग्या लागतीन," एवढंच म्हणाली, आणि परातीखाली पाण्याचं ताट सरकवलं.

रत्ना आलेली होती. पडदा लावलाच नाही. भय्या म्हणाला, "लाइट नही का सर?"

मी म्हणालो, "लाइट शे."

वर्गात सगळे एकदम वर बघायला लागले. भय्या म्हणाला, "सर, तुम्ही आपलाच शेतस का?"

"साक्रीकडना," मी म्हणालो. या सेंटरवर माझ्या तोंडून हे पहिल्यांदा.

डबे मांडले. चिठ्ठ्या चिकटवल्या. बारा दाणे एका हातात, बारा लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्या हातात. दाण्यांत आणखी आठ दाणे मिळवा, वीस होतील. चिठ्ठीजवळ आठची चिठ्ठी ठेवा, एकशे अठ्ठावीस. कागदाची घडी म्हणजे अवतरणचिन्ह. घडीत असलेलं मशीन मोजत नाही, नुसतं जपून ठेवतं. रत्ना म्हणाली, "म्हणून साखर माहीत नव्हती त्याला. मी घडी नाही घातली. त्याला वाटलं डबाच आहे साखर नावाचा, आणि डबा तर मांडलेलाच नव्हता."

मग म्हटलं, एक ओळ लिहा. रत्नाची मुलगी पाच वर्षांची आहे, तिचं वय. मी अहिराणीच्या भरात होतो. सांगितलं, "लिखा, वय पाच शे."

सगळ्यांनी लिहिलं. रत्नाच्या पडद्यावर आलं, वय = ५००.

भय्याने टेबलावर डोकं टेकलं. "पाचशे वरीसनी पोर, अन् आते बालवाडीमा."

हसू थांबेना. रत्ना पदरात तोंड घालून हसत होती. "सर, तुम्हीच पाचशे म्हणालात."

खरंच मीच म्हणालो होतो. पाच शे. पाचशे. जळगाव-धुळ्याबाहेर कोणाची ही चूक होणार नाही, आणि पुण्याच्या त्या मुलाला ती समजावून सांगितली तरी कळणार नाही. हसता हसताच माझ्या लक्षात आलं की खोड "शे"मध्येच आहे. मी इतकी वर्षं "आहे" म्हणून शिकवलं, तीही हीच खोड. भय्याला खोटं दिसत होतं ते इथेच.

फळ्यावरचं पुसलं. म्हणालो, "आजपासून शे म्हनाव नही. आहे म्हनाव नही. म्हना, वयमा पाच ठेव."

आठही जण म्हणाले.

"आते क्ष शे, हाई सोडा. वयमा जे ठेवेल शे ते काढ, त्यामा एक घाल, परत वयमा ठेव."

रत्नाने आधी डब्याकडे बघितलं, मग मुलांकडे. "म्हणजे वाढदिवस."

हो. वाढदिवस.

भय्या म्हणाला, "आते खोटं नही सर." आणि बसला. बसून पुन्हा म्हणाला, "गिरणीवर बी तेच शे ना वहिनी? डबा तुम्हना शेजारीनना, दाणा रोज दुसरा." ती म्हणाली, "आणि दादर ज्वारीवर गहू दळला तर शेजारीण घरी येते भांडायला." टाइपचा भाग असा झाला. मी न शिकवता.

शेवटी मी म्हटलं, एक डबा तुमच्या मनाने करा, नाव द्या, आत काहीतरी ठेवा. भय्याने चिठ्ठी फाडली, "सर" असं लिहिलं, आबांच्या डब्यावर चिकटवली. "सरमा व्हिडिओ ठेव."

दोघेतिघे हसले. मग सगळे आपापल्या वहीत बघायला लागले. सगळ्यांना माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं. रत्नानेच सांगितलं असणार. भय्याचा हात झाकणावर तसाच. "मी गंमत करी ऱ्हायनू सर."

"बरोबर ओळ शे," मी म्हणालो.

मास्तर आहे असं मी समजत होतो. ठेवलेला होतो.

पिशवी भरताना रत्ना जवळ आली. आज पहिल्यांदा माझ्याशी अहिराणीत बोलली. "सर, उद्या आम्ही पास व्हयनूत ते तुम्ही ऱ्हाशात का?"

मी म्हणालो, आधी प्रश्न नीट वाचत जा. घाईत अवतरणचिन्ह सुटतं.

पंकजला सांगावं का, हे बसभर चाललं होतं. सांगितलं तर या मुलांना पुन्हा व्हिडिओवर बसवून पुन्हा टेस्ट. न सांगितलं तर उद्याचे मार्क त्या दाढीवाल्या मुलाचे. फोन खिशातच ठेवला. हेही बरोबर केलं असं वाटत नाही. स्टँडजवळच्या गणपतीपुढे थांबलो. आज मागायला अडचण नव्हती, मुलं पास होऊ देत. मागून झाल्यावर कळलं, हे स्वतःविरुद्धच मागितलं.

घरी मंगलने डबे धुतले. साखर साखरेत गेली, मोहरी मोहरीत. आबांचा डबा तिने उजेडात धरला. वर भय्याची चिठ्ठी, खाली कोरलेलं नाव.

"हाई काढू का?"

"राहू दे."

"मंग यामा काय ठेवू?"

कागदातला गूळ ओट्यावरच आहे अजून.